दाराला नवा कागद

(दृश्य: जुन्या कोरियन घराची लाकडी ओसरी. कागद लावलेल्या दारांतून झिरपणारा उजेड.)

मार्च २०११. सोल शहरातलं एक छोटं नाट्यगृह. रंगमंचावर एक हानोक उभं आहे. हानोक म्हणजे लाकडी खांबांचं, कौलारू कोरियन घर. नातवाच्या कर्जापायी ते विकलं गेलंय. थोड्याच दिवसांत त्याच्या फळ्या, दारं, खांब सुटे होतील. आणि घरातलं म्हातारं जोडपं काय करतंय? दाराचा जुना कागद खरवडून नवा चिकटवतंय. कोरियन घराच्या दाराला लाकडी जाळी असते, तिच्यावर तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीपासून केलेला कागद ताणून लावतात. तसा कागद, उद्या पाडायच्या घराच्या दाराला.

नाटकाचं नाव ‘मार्चमधला बर्फ’. लेखक बे साम-शिक, दिग्दर्शक सोन जिन-चेक. नवऱ्याच्या भूमिकेत जांग मिन-हो, वय ८६. बायकोच्या भूमिकेत बेक सॉन्ग-ही, वय ८५. नाटक पुढे सरकतं तसं हळूहळू उमगतं की ही बायको या जगात नाहीच. नवऱ्याच्या आठवणीत तेवढी ती ओसरीवर वावरते आहे.

या नाट्यगृहाचं नाव होतं ‘बेक सॉन्ग-ही जांग मिन-हो नाट्यगृह’. समोर जी दोघं काम करत होती, त्यांचंच.

(दृश्य: जुन्या सोलची कृष्णधवल छायाचित्रं.)

बेकबाईंचा जन्म १९२५ चा, सोलमधला. पाळण्यातलं नाव वेगळंच, ली ऑ-सुन-ई. देशावर जपानचं राज्य होतं. मुलीनं नाटकात जाणं वडिलांना अजिबात मान्य नव्हतं. तरी मुलगी गेली. १९४३ मध्ये, अठराव्या वर्षाच्या आत-बाहेर, ‘बोंगसॉनह्वा’ या नाटकातून त्या रंगमंचावर आल्या. बोंगसॉनह्वा म्हणजे आपला तेरडा.

दोन वर्षांनी जपानी गेले. एप्रिल १९५० मध्ये कोरियाचं राष्ट्रीय नाट्यगृह सुरू झालं, त्याची स्वतःची नाटक कंपनी उभी राहिली आणि यू ची-जिन यांच्या ‘वॉनसुल्लांग’ या ऐतिहासिक नाटकानं तिचा नारळ फुटला. बेकबाई या कंपनीच्या पहिल्या फळीतल्या. पुरते दोन महिनेही झाले नव्हते, तोच २५ जूनला उत्तर आणि दक्षिण कोरियात युद्ध पेटलं. कंपनी विखुरली. १९५३ मध्ये दक्षिणेकडच्या तेगू शहरात राष्ट्रीय नाट्यगृह पुन्हा सुरू झालं, १९५७ मध्ये सोलला परतलं, १९७३ मध्ये नामसान डोंगराच्या पायथ्याशी गेलं. जागा बदलत राहिल्या. बेकबाईंनी कंपनी सोडली नाही.

१९७२ मध्ये त्या या कंपनीच्या प्रमुख झाल्या, या पदावर आलेली पहिली स्त्री. १९९१ मध्ये ती जबाबदारी पुन्हा त्यांच्याकडे आली.

पण मला त्यांच्याविषयी सगळ्यात मोठी वाटते ती दुसरीच गोष्ट. त्या म्हणायच्या, नाटक मी निवडून घेते, भूमिका निवडत नाही. बोलायला हे सोपं आहे. १९७१ मध्ये ‘दालजिप’ या नाटकात त्यांनी युद्धकाळातली खेड्यातली आजी उभी केली, तेव्हा त्यांचं स्वतःचं वय होतं ४६. ज्या वयात नायिकेचं काम सुटू नये म्हणून नटी जिवाचं रान करतात, त्या वयात. चारशेहून अधिक नाटकं झाली ती याच स्वभावामुळे.

(दृश्य: रेल्वे स्थानकाचा रिकामा फलाट.)

रंगमंचावरचं काम त्याच रात्री संपतं. पण २००१ मधल्या ‘वन फाइन स्प्रिंग डे’ या चित्रपटात बेकबाई आपल्याला अजून भेटतात. विस्मरण झालेली आजी. कधीच वारलेल्या नवऱ्याची वाट बघत ती स्थानकावर जाऊन बसते. प्रेमभंग झालेला नातू रडतो, तेव्हा तीच आजी त्याला सांगते, गेलेली बस आणि गेलेली बाई, यांच्या मागे धावू नये. हे वाक्य कोरियात लोकांच्या तोंडी आहे. पण बेकबाईंचा आवाज ऐका. उपदेशाचा सूरच नाही त्यात. पोराला कुशीत घेऊन थोपटताना जेवढा निघतो तेवढाच आवाज.

(दृश्य: लाल रंगाची बैठी इमारत.)

सोल स्टेशनच्या मागे, सोग्ये-दोंग भागात, पूर्वी लष्कराच्या गाड्या ठेवायच्या त्या आवारात दोघांच्या नावाचं हे लाल नाट्यगृह उभं राहिलं. कोरियात नटांचं नाव नाट्यगृहाला मिळण्याची ती पहिलीच वेळ, आणि तेही दोघं हयात असताना.

नोव्हेंबर २०१२ मध्ये जांग मिन-हो गेले. नाटकात मागे राहतो तो नवरा; इथे मागे राहिल्या त्या बेकबाई. ८ जानेवारी २०१६ रोजी, वयाच्या ९० व्या वर्षी, त्यांनीही निरोप घेतला. नाटकवाल्या मंडळींनी त्यांना निरोप दिला तो त्यांच्याच नावाच्या नाट्यगृहातून.

आणि २०२३ मध्ये, नव्या संकुलासाठी, राष्ट्रीय नाटक कंपनीनं ती लाल इमारतही सोडली.

(दृश्य: पुन्हा ती ओसरी. बाहेर बर्फ पडतोय.)

नाटकाच्या शेवटी म्हातारा वृद्धाश्रमात जायला निघतो. मार्च लागलाय, तरी बर्फ भुरभुरतोय. मागे दाराला लावलेला कागद अजून पांढराशुभ्र आहे.