फो राहू द्या, आधी मायाळूचं सूप करा

नमस्कार. मला बोलावताना सांगितलं होतं की व्हिएतनामी सूपवर बोला आणि जमलं तर करूनही दाखवा, आणि इथे आल्यापासून चार जणांनी विचारलं, फो करणार ना, ते नूडल्सचं सूप? नाही करणार. आधी तेच सांगतो म्हणजे उगाच कुणी आशेने थांबायला नको.

फो मला आवडतो, प्रश्न तो नाहीये. (आणि तो 'फो' नाहीच खरंतर, 'फ'च्या पुढे 'अ' लावून प्रश्न विचारल्यासारखा सूर वर न्यायचा, पण ते राहू दे.) तो उत्तरेकडचा पदार्थ, हनोई-नाम दिन्हच्या बाजूचा, फ्रेंचांच्या काळात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आकाराला आला आणि १९५४ मध्ये देशाची फाळणी झाली तेव्हा उत्तरेतून दक्षिणेत गेलेल्या लोकांबरोबर सायगावात पोचला. हाडं तासन्‌तास मंद उकळायची, आलं-कांदा विस्तवावर भाजायचा, चक्रीफूल, दालचिनी... तिथलीच माणसं बहुतेक वेळा तो सकाळी बाहेर जाऊन खातात. आपण घरी मिसळ करतो, पण रोज करतो का?

मी नोकरीसाठी दोन वर्षं हो ची मिन्ह सिटीत, म्हणजे त्याच सायगावात, होतो, एका घराच्या वरच्या खोलीत, आणि रात्रीचं जेवण खाली घरमालकीण काकूंकडे. पहिल्या दिवशी मध्ये एक मोठा वाडगा आला, हिरवं पाणी, त्यात पानं. मी आपल्या हॉटेलच्या सवयीने ते सूप आधी पिऊन टाकलं, एक वाटी, दुसरी वाटी, आणि मग भात आला तेव्हा सगळ्यांचं सूप जवळजवळ संपलेलं! काकू काही बोलल्या नाहीत, नुसत्या हसल्या आणि आत जाऊन परत करून आणलं, दहा-बारा मिनिटांत. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की हे स्टार्टर नाहीये हो, ही आमटी आहे. भातावर घ्यायची. त्याला 'कान्ह' म्हणतात, आणि घरच्या जेवणात भात, एक खारट-झणझणीत मासा किंवा मांस, एक भाजी आणि कान्ह हे असणारच. भाताला आणि जेवणाला तिकडे एकच शब्द आहे, 'कम', आपण 'भात खाल्ला का' म्हणतो तसंच.

आणि म्हणूनच ते पातळ असतं, कॉर्नफ्लॉवर नाही, क्रीम नाही, मसाला नाही. बाजूला खारट मासा आहे ना, मग कान्हने जीभ धुवायची असते. नुसतं प्यायलं तर फिकं लागणारच, आपली आमटी तरी नुसती पिऊन कशी लागते?

आता जे सूप करायचंय ते मायाळूचं. आपल्याकडे मायाळू म्हटलं की भजी, फार तर डाळभाजी. तिकडे 'मोंग तोय' म्हणतात, उन्हाळ्यात घरोघरी, थंड म्हणून. आणि त्यात पडतात सोडे. हो, आपलेच सोडे, वाळवलेली सोललेली कोळंबी. देशाच्या पार दक्षिण टोकाला का माऊ म्हणून प्रांत आहे, तिथले सोडे नावाजलेले. मी तिथल्या बाजारात ढीग बघितला तेव्हा मला आईच्या डब्याची आठवण आली, कारण वास तोच.

चार माणसांना मूठभर सोडे, गरम पाण्यात पंधरा मिनिटं भिजवायचे, ते पाणी फेकायचं नाही, मग खलबत्त्यात जाडसर कुटायचे, मिक्सरला लावलेत तर भुगा होतो. चमचाभर तेलात एक छोटा कांदा परतायचा, लाल नाही करायचा, त्यात सोडे, मग लिटरभर पाणी आणि ते भिजवलेलं पाणी. उकळी आली की फेस काढायचा, आठ मिनिटं उकळू द्यायचं. मग मायाळूची एक जुडी हाताने तोडून टाकायची, दोन मिनिटं, झाकण न ठेवता, आणि गॅस बंद. माझं पहिल्यांदा चुकलं ते इथेच, मी आपल्या पालेभाजीसारखं झाकण ठेवून वीस मिनिटं शिजवलं, ते इतकं काळपट आणि बुळबुळीत झालं की मी एकट्याने खिडकीकडे तोंड करून संपवलं. हळद, मोहरी, जिरं काहीही नाही. हात शिवशिवतील, पण नाही.

चव फिश सॉसने द्यायची, 'नुक माम'. छोटे मासे आणि मीठ, साधारण तीनास एक, मोठ्या लाकडी पिंपात जवळजवळ वर्षभर मुरवतात आणि खालून जे पाझरतं ते. फू क्वोक बेटाचा प्रसिद्ध आहे, २०१२ मध्ये त्या नावाला युरोपियन युनियनचं संरक्षणही मिळालं. बाटलीवर ३०, ४० असे आकडे असतात, ती नायट्रोजनची मात्रा, जास्त म्हणजे जास्त दाट चव. एक चमचा पुरे. मात्र तो तापल्या तेलात कधी टाकू नका, मी एकदा फोडणी समजून टाकला आणि शेजारचे काका विचारायला आले की उंदीर मेलाय का कुठे.

शाकाहारी मंडळींनी तोंड पाडू नका. तिकडे चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी कितीतरी घरांत शाकाहार असतो, त्याला 'चाय' म्हणतात, आणि तेव्हा आंबट सूप करतात, 'कान्ह चुआ'. चिंचेचा कोळ, टोमॅटो, अननस, भेंडी, मोड आलेले मूग (त्यांचे मोड बोटाएवढे लांब असतात, आपले चालतात), टोफू, थोडी साखर, सोया सॉस, वर तळलेला लसूण. मासे खाणाऱ्यांच्या घरात त्यात मेकाँग नदीचा मरळ पडतो. त्यांच्या सूपात अळूसारखं एक स्पंजासारखं देठही असतं, पण आपल्या अळूचं देठ तसंच दोन मिनिटांत काढलंत तर घसा धरेल, त्यापेक्षा भेंडीच वाढवा. मोड मात्र गॅस बंद केल्यावरच टाकायचे.

आणि ज्यांना एवढंही नको त्यांनी नाळीची भाजी नुसती उकडावी, भाजी बाजूला काढून खावी, आणि उरलेल्या पाण्यात लिंबू पिळावं. झालं कान्ह. काकू पगाराच्या आधीच्या आठवड्यात हेच करायच्या.

बरं, सोडे भिजलेत, मायाळू त्या पिशवीत आहे. मागच्यांनी पुढे या, आणि ज्यांना सोड्यांचा वास चालत नाही त्यांनी खिडकीजवळ बसा, गॅस लावतोय. भात कुणी आणलाय ना? भाताशिवाय मी वाढणार नाहीये.