बाळ गेल्यावर भेटायला येणाऱ्यांचं काय करायचं?

(कोल्हापुरात दिलेल्या एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

आपल्याकडं माणूस गेलं की काय करायचं हे कुणाला शिकवावं लागत नाही. माती किती वाजता, ते तासाभरात सगळ्या पेठेला कळतं. रक्षाविसर्जनाला माणसं कामावर जायच्या आधी पंचगंगेवर हजर असतात. शेजारचं घर न विचारता भाकरी-पिठलं पाठवतं. पुढं उत्तरकार्य. या सगळ्यात फार बोलावं लागत नाही. आलात, उभे राहिलात, झालं.

पण आठव्या महिन्यात पोटातलं बाळ गेलं तर? किंवा जन्मल्यावर दोन दिवसांनी काचेच्या पेटीतच गेलं तर? दोन-तीन पुरुष माणसं गुपचूप पुरून येतात. आईला बहुतेक वेळा तोंडही दाखवत नाहीत, का, तर 'बघितलंस तर विसरणार नाहीस.' रक्षाविसर्जन नाही, पेपरात चार ओळी नाहीत. मग भेटायला आलेल्या माणसाला करायला कामच उरत नाही, आणि तो बोलत सुटतो. समुपदेशनाला येणाऱ्या बायका जी वाक्यं सांगतात, त्यातली बरीचशी अशी सुटलेली असतात.

'अजून वय आहे, होईल दुसरं.' 'देवाची इच्छा.' आणि सगळ्यात जास्त टोचणारं, 'बरं झालं लवकर गेलं, लळा लागला नव्हता.' हे म्हणणाऱ्याला एक गोष्ट ठाऊक नसते. बाळ जिवंत असो-नसो, बाळंतपणानंतर दोन-चार दिवसांत आईला दूध येतंच. शरीराला कुणी बातमी दिलेली नसते. म्हणजे नेमकी माणसं भेटायला येतात तेव्हा तिचा ब्लाऊज भिजलेला असतो, छाती दगडासारखी झालेली असते, आणि समोर आत्याबाई लळ्याबद्दल बोलत असतात. (दूध थांबवायला डॉक्टर गोळी देऊ शकतात, थंड पट्ट्यांनी आराम पडतो. हे तिला कुणी सांगितलं होतं का, तेवढं विचारा. लळ्यापेक्षा ते कामाचं आहे.)

'त्यांच्या मनात वाईट नव्हतं गं,' अशी समजूत घालायची आपल्याला सवय आहे. नसेल वाईट. पण पहिल्या महिन्यात समजून घ्यायचं काम तिच्यावर टाकू नका. तिनं उत्तर दिलं नाही, उठून आतल्या खोलीत गेली, तर तो उद्धटपणा नव्हे. दारात तिच्या वतीनं बोलणारं एक माणूस हवं. एका घरात हे काम थोरल्या जाऊबाईंनी केलं. येणाऱ्याला उंबऱ्यातच सांगायच्या, 'ती झोपलीय. चहा घ्या. बाळाचं बोलणार असाल तर रडू येईल, चालेल. पण दुसऱ्या बाळाचं काढू नका.' कोल्हापुरी जाऊबाई, त्यामुळं कुणाची हिंमत झाली नाही. (हशा)

दुसरा प्रकार चौकशीचा. 'पपई खाल्लीस का? ग्रहणात सुरी धरलीस का? गाडीवरनं कशाला फिरत होतीस?' याला मात्र उत्तर द्या, आणि ते नवऱ्यानं द्यावं. पहिल्या तीन महिन्यांत होणाऱ्या गर्भपातांपैकी साधारण निम्मे गुणसूत्रांतल्या दोषानं होतात. तो दोष बहुतेकदा गर्भ धरतानाच योगायोगानं होतो. पुढच्या महिन्यांत वार नीट काम न करणं, रक्तदाब, मधुमेह, संसर्ग अशी कारणं असतात, आणि कधी सगळ्या तपासण्या करूनही कारण सापडत नाही. ग्रहण या यादीत कुठंच नाही. 'डॉक्टरांनी सांगितलंय, तिच्या हातून काही झालेलं नाही,' एवढं वाक्य नवऱ्यानं सासरच्या चार माणसांत एकदा मोठ्यानं म्हणावं. बायकोला खोलीत हळूच सांगितलेलं पुरत नाही.

मला सगळ्यात क्रूर वाटतं ते बोलणं नव्हे, वगळणं. वर्षाच्या आत नणंदेचं डोहाळजेवण निघतं आणि हिला निरोपच येत नाही. किंवा बोलावतात, पण ओटी भरायची वेळ आली की कुणीतरी म्हणतं, 'तू राहू दे.' अंबाबाईच्या गावात राहून आपण एका आईचा हात अशुभ ठरवतो! आग्रह करून ओढत नेणंही तितकंच वाईट. स्वतः फोन करा: 'तू आलीस तर पहिली ओटी तू भरायची. नाही जमलं तरी मी रागावणार नाही.' मग निर्णय तिचा.

नवऱ्याबद्दल थोडं. त्याला जो तो सांगतो, 'तिला सांभाळ.' बाळ कापडात गुंडाळून नेलेलं असतं त्यानं, आणि तिसऱ्या दिवशी तो शिरोलीला फाउंड्रीत पाळीवर उभा असतो. कट्ट्यावरचे मित्र क्रिकेटचं बोलतात, कारण त्यांना भीती वाटते. 'तू कसा आहेस?' असं त्याला विचारा आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसा.

नोकरी करणाऱ्या बाईला 'सुट्टी कशाला, बाळ तर नाही' असं ऐकवलं जातं. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यानंच गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा दिली, आणि मृत जन्मलेल्या बाळालाही 'मूल' धरलं. साहेबांना सांगायला लाजू नका. आणि महिनोन्‌महिने झोप नाही, जगू नये असं वाटतंय, असं झालं तर पाहुण्यांच्या सल्ल्यावर राहू नका. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक आहे, रात्री दोनलाही लागतो, पैसे पडत नाहीत.

श्रोत्यांतून एका ताईंनी चिठ्ठी पाठवलीय: 'हळदीकुंकवाला कुणी "किती मुलं?" विचारलं तर काय सांगू?' ताई, माणूस बघून सांगा. जिच्याशी पुन्हा गाठ पडणार नाही तिला 'एक' म्हणून वाण घ्या आणि निघा. जिच्यापाशी बसावंसं वाटतं तिला 'दोन, एक गेलं' म्हणा. फक्त दवाखान्यात असं करू नका. पुढच्या वेळी डॉक्टर आधीची बाळंतपणं विचारतात तिथं सगळं सांगायचं, कितव्या महिन्यात आणि कसं ते सुद्धा, कारण त्यावर तपासण्या ठरतात. शेजारी सासूबाई बसल्यात म्हणून अडखळत असाल तर सिस्टरना आधी कानात सांगून ठेवा. त्या 'आजी, जरा बाहेर बसा' असं म्हणतात, आणि आजी ऐकतात.