नव्या ॲम्पचा खर्ज

(पडदा काळा. फक्त आवाज.)

ऐका. गिटार कोणी वाजवत नाहीये. व्हॉल्यूम अर्ध्यावर आहे, आणि स्पीकरमधून हा जाड, मऊ सूर सारखा येतोय. आणि आता ही तडतड. मध्येच येते, मध्येच जाते.

(दृश्य: वडगावातलं घर. तळमजल्यावर यंत्रमाग.)

बेळगावातलं वडगाव. खाली माग, वर राहती खोली. गणपतीच्या दिवसांत ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या इथल्या एका मुलाने पैसे साठवून पहिला ट्यूब ॲम्प मागवला, म्हणजे काचेच्या ट्यूबांवर गिटारचा आवाज मोठा करणारा. १५ वॅटचा. पुढच्या भागात १२एएक्स७ जातीच्या तीन ट्यूब, पॉवरला ईएल८४ जातीच्या दोन. खोकं अजून कॉटखाली आहे आणि ॲम्प मात्र कुरकुरतोय.

मित्रांनी एकच सल्ला दिला: ट्यूब बदल. हा सल्ला सगळीकडे मिळतो. ट्यूब दिसते, ती लाल उजळते, हाताने उपसता येते. म्हणून पहिला आळ तिच्यावर. विकणाऱ्याचं म्हणणं, पॅक करून परत पाठवा. नव्या वस्तूसाठी हा रस्ता चुकीचा मुळीच नाही. पण बिघाड ॲम्पमध्ये आहे की घरात, हेच ठरलेलं नसताना एवढं वजनदार धूड ट्रान्सपोर्टला देणं म्हणजे धक्के खाऊन ते आणखी खिळखिळं होण्याची सोय. पाठवायचं असेल तर आधी काय बिघडलंय ते कळू दे.

आणि ते बरंचसं कानाने कळतं.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. ती थेट आवाजात शिरली तर ५० हर्ट्झचा खर्ज ऐकू येतो. पण ॲम्पच्या आत हीच वीज रेक्टिफायरमधून जाते तेव्हा लाटेचे दोन्ही अर्धे एकाच बाजूला वळतात आणि लहर होते १०० हर्ट्झची. मोठे फिल्टर कपॅसिटर ती दाबून टाकतात. ते कमजोर असतील तर १०० हर्ट्झ बाहेर येतो, जरा खरखरीत.

हे ओळखायला यंत्र लागत नाही. गिटारची सर्वांत जाड तार तिसऱ्या पट्टीवर दाबा. तो सूर ९८ हर्ट्झचा. पेटीवर बघायचं तर खालच्या सप्तकातली पांढरी पाच. ॲम्पचा सूर त्याच्या किंचित वर लागत असेल तर तो १०० हर्ट्झ, संशय पॉवर सप्लायवर. सप्तकभर खाली असेल तर ५०. मग अर्थिंग, वायरिंग, नाहीतर ट्यूबला आतून तापवणाऱ्या हीटरची लाइन बघायची. बेळगाव तालुक्यात भजनी मंडळ नसलेलं गाव शोधावं लागेल. पेटीवाला कोणीतरी शेजारी असतोच, त्याला हाक मारा.

या मुलाच्या घरातला सूर खालचा होता.

(दृश्य: गिटारची वायर ॲम्पमधून निघते. सूर जवळजवळ थांबतो. तडतड चालूच.)

इथे थांबून बघण्यासारखं आहे. वायर काढल्यावर खर्ज गेला आणि तडतड राहिली. म्हणजे आजार एक नाही, दोन आहेत. खर्ज गिटारच्या वाटेने आत येतोय, तडतड ॲम्पच्या पोटातून. सगळा घोळ एकाच कारणाचा धरून बसलं की दिवसच्या दिवस जातात.

खर्जाची आणखी एक खूण होती. तारेला बोट लावलं की तो कमी व्हायचा आणि बोटाला मुंग्या यायच्या. मुंग्या आल्या की तपास तिथेच थांबवायचा आणि ॲम्पचा प्लग काढायचा. इलेक्ट्रिशियनने बोर्ड उघडला तेव्हा तीन पिनांच्या सॉकेटचं वरचं मोठं भोक नुसतं शोभेचं निघालं. मागे अर्थची वायरच नव्हती. जुन्या घरांत हे सर्रास दिसतं. पूर्वी तिथे मिक्सर आणि पंखे चालले, कोणाची तक्रार आली नाही. गिटारवाल्याचा हात मात्र तारेवर असतो, आणि तार ॲम्पच्या पत्र्याला जोडलेली असते.

काही जण याच्या उलट करतात. गुणगुण जाते म्हणून प्लगची अर्थ पिनच कापून टाकतात. स्टेजवर असं कोणी करताना दिसलं तर त्याला भिडेखातर सोडू नका. ॲम्पमध्ये २३० व्होल्टची घरची लाइन येते. ती पत्र्यावर उतरली तर अर्थ हीच सुरक्षित वाट, आणि ती कापली की पुढची वाट वाजवणाऱ्याच्या अंगातून.

तडतडीचा आळ आधी खालच्या मागांवर गेला. मोटरा चालू-बंद होताना लाइनमध्ये ठिणगीचा आवाज येतो, त्यामुळे शंका रास्त होती. रात्री माग बंद असताना ऐकलं. तडतड होतीच, आणि तीही ॲम्प चांगला तापल्यावरच.

(दृश्य: शहापुरातला बोळ. दुरुस्तीचं दुकान. फळीवर जुने रेडिओ.)

शहापुरातले हे काका व्हॉल्व्ह रेडिओवर हात बसवून शिकले. ट्यूबला ते अजून व्हॉल्व्हच म्हणतात. त्या काळी बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनवलेले व्हॉल्व्ह मिळायचे. सीमाभागातला माणूस एकाच काट्यावर धारवाड आणि सांगली, दोन्ही केंद्रं लावायचा. आता नवा व्हॉल्व्ह स्लोव्हाकिया, रशिया नाहीतर चीनचा.

“काका, व्हॉल्व्ह गेलाय की.”

“कोण सांगितलं? आधी ऐक की गा.”

काकांनी ॲम्प थेट लाइनला लावला नाही. सिरीज बोर्डवर लावला. म्हणजे ॲम्पच्या वाटेत १०० वॅटचा साधा बल्ब. बल्ब भडक पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट. इथे तो क्षणभर उजळला आणि मंदावला. स्पीकरची वायर नीट बसली आहे का, तेही आधीच बघून घेतलं. ट्यूब ॲम्प स्पीकरविना चालवायचा नसतो. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो, आणि तो या सगळ्या पेटीतल्या महाग भागांपैकी एक.

मग ॲम्प सरळ लाइनवर घेतला. दुकानाची अर्थिंग पक्की. खर्ज नाही. थोड्या वेळाने तडतड हजर.

व्हॉल्यूम शून्यावर नेला. तडतड गेली. वर आणला, परत आली. म्हणजे दोष त्या बटणाच्या अलीकडचा, पहिल्या ट्यूबच्या आसपासचा. पॉवरच्या ईएल८४ यातून सुटल्या. मित्रांचं ऐकून मुलगा त्याच आधी बदलणार होता! बाहेरची इफेक्टची पेटी जोडायला मागे सेंड आणि रिटर्न जॅक असतात, त्यांच्यात छोटी वायर टाकून बघितली, कारण या जॅकचे कॉन्टॅक्ट नव्या ॲम्पमध्येही दगा देतात. फरक नाही.

आता ट्यूब. १२एएक्स७ च्या एका काचेत दोन ट्रायोड असतात. तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन निघतात, प्लेटकडे धावतात, आणि मधली ग्रिड पाटाच्या दारासारखी: दार जरासं हललं की पुढच्या शिवारातलं पाणी भरभर कमी-जास्त होतं. गिटारचा नाजूक सिग्नल ते दार हलवतो. या ट्यूबचा ॲम्प्लिफिकेशन फॅक्टर १००. म्हणून पहिल्या जागेवरचा बारीक दोषही पुढे डोंगराएवढा होऊन ऐकू येतो.

ॲम्प बंद करून, निवू देऊन काकांनी पहिल्या आणि दुसऱ्या जागेवरच्या ट्यूबांची अदलाबदल केली. एक पैसा खर्च नाही. दोष ट्यूबमध्ये असेल तर तो ट्यूबबरोबर सरकेल.

पुन्हा तापवला. तडतड पहिल्याच जागेवर. ट्यूब निर्दोष.

आता उघडणं आलं, म्हणजे वॉरंटीचा प्रश्न आला. मुलाने आवाजाचा व्हिडिओ आणि केलेल्या चाचण्या विकणाऱ्याला पाठवल्या. इतकं नेमकं लिहिल्यावर त्याने स्थानिक दुरुस्तीला लेखी होकार दिला. तो मिळेपर्यंत काकांनी स्क्रू ड्रायव्हरला हात लावला नाही, हे मला आवडलं.

(दृश्य: ॲम्पचा उलटा केलेला चॅसिस, म्हणजे आतला पत्र्याचा सांगाडा. मल्टिमीटर.)

इथून पुढचं घरी करून बघायचं नाही. प्लग काढला तरी फिल्टर कपॅसिटर शेकडो व्होल्ट धरून ठेवू शकतात. काकांनी रेझिस्टर लावून ते रिकामे केले आणि मीटरवर आकडा शून्याजवळ आलेला बघितला. मग पुन्हा सप्लाय देऊन, एक हात पाठीमागे ठेवून, कोरड्या लाकडी काडीने बोर्ड टोकायला सुरुवात केली. एक हात पाठीमागे ठेवायचा, म्हणजे करंट एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हाताकडे जाऊ शकत नाही.

पहिल्या सॉकेटची एक नंबरची पिन. काडी टेकली की तडतड, उचलली की गप्प. १२एएक्स७ मध्ये ही एका ट्रायोडची प्लेट. भिंगातून बघितल्यावर पिनेभोवती बारीक काळं कडं दिसलं. ड्राय सोल्डर, म्हणजे कच्चा टाका. सॉकेट थेट छापील बोर्डावर बसवलेला. ट्यूब तापते, पिन प्रसरते, आणि नीट न धरलेला टाका उघडझाप करतो. थंड असताना सगळं ठीक. कारखान्यातल्या तपासणीत ॲम्प कदाचित पाच मिनिटं वाजला असेल आणि पास झाला असेल.

पुन्हा डिस्चार्ज. जुनं सोल्डर ओढून काढलं, नवं भरलं. शेजारच्या आठ पिनाही काकांनी तापवून घेतल्या. एक टाका कच्चा निघाला की त्या ओळीवरचा विश्वास उडतो.

मग पुन्हा सप्लाय देऊन, पेटी मिटण्याआधी काकांनी ईएल८४ चं बायस मोजलं, म्हणजे काही वाजत नसतानाही ट्यूबमधून किती करंट वाहतो ते. दोघींच्या सामाईक १३० ओहमच्या कॅथोड रेझिस्टरवर १०.४ व्होल्ट. म्हणजे दोघींत मिळून ८० मिलिॲम्पिअर, एकीला ४०. प्लेट आणि कॅथोडमध्ये २८५ व्होल्ट. गुणाकार ११.४ वॅट, आणि त्यातला थोडा वाटा स्क्रीनचा, म्हणजे ट्यूबमधल्या दुसऱ्या जाळीचा. ईएल८४ च्या प्लेटची मर्यादा १२ वॅट. गरम चालतायत, पण हद्दीत.

“संध्याकाळी तुमच्याकडं व्होल्टेज पडतंय काय?”

“पडतंय की. कधी कधी २०० वर येतंय.”

मग हीटरला ६.३ ऐवजी साडेपाच व्होल्ट मिळणार. ट्यूबला दहा टक्क्यांपर्यंतची घट चालते, म्हणजे ५.७ पर्यंत. त्याच्या खाली आवाज मलूल होईल आणि कॅथोडही लवकर थकेल. काकांनी चिठ्ठीवर दोनच गोष्टी लिहून दिल्या: वरच्या बोर्डापर्यंत अर्थची वायर, आणि एक स्टॅबिलायझर. अर्थचं काम लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनकडून, आणि तोपर्यंत ॲम्प घरी लावायचा नाही. मुलाने ॲम्प दुकानातच ठेवला.