सायलेन्सरातली जाळी: कशाने मरते, कशी तपासायची

मंडळी, तक्रार ओळखीची आहे. गाडी सुरू होते, आयडलला बरी चालते, पण वर पळत नाही. चौथ्या गियरमध्ये ॲक्सिलरेटर पिळला तरी जीव नाही. प्लग बदलून झाला, एअर फिल्टर बदलून झाला. शेवटी कोणीतरी इंजिनाच्या हेडपासून सायलेन्सरकडे जाणारा बेंड पाईप ढिला करतो आणि इंजिन मोकळं होतं. म्हणजे जाळी, सायलेन्सरातला धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, चोंदलेली. मग महागडा नवा सायलेन्सर बसतो, आणि पुढच्या पावसाळ्याआधी तीच गाडी तीच तक्रार घेऊन परत दारात. जाळी स्वतःहून क्वचितच मरते. तिला मारणारा दोष इंजिनात असतो, आणि तो तिथेच राहिला की नव्या जाळीचंही तेच होतं. आज बोलायचंय ते मुख्यतः या दोषांविषयी.

आधी जाळीविषयी दोन शब्द. कारमध्ये बहुतेक सिरॅमिकची वीट असते. मोटारसायकलला धक्के जास्त आणि जागा कमी, म्हणून लोखंड, क्रोमियम आणि ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची पातळ पत्री, साधारण ०.०५ मिलिमीटर जाडीची, नागमोडी करून गुंडाळतात. एका चौरस इंचात शंभर ते तीनशे छिद्रं. त्यावर ॲल्युमिनाचा खडबडीत थर, त्यात सिरियम ऑक्साईड, आणि त्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचे अतिसूक्ष्म कण. छोट्या कम्युटर गाडीत हे मौल्यवान धातू सगळे मिळून एक ग्रॅमही नसतात.

या कणांवर दोन उलटी कामं एकाच वेळी चालतात. कार्बन मोनॉक्साईड आणि न जळलेलं पेट्रोल यांना ऑक्सिजन द्यायचा, आणि नायट्रोजनच्या ऑक्साईडांकडून तो काढून घ्यायचा. दोन्ही साधायचं तर हवा-पेट्रोलचं प्रमाण १४.७ला एक या रेषेच्या अगदी जवळ, किंचित वर-खाली होत राहावं लागतं. सिरियम ऑक्साईड हवा जास्त असताना ऑक्सिजन साठवतो, कमी पडली की सोडतो. कार्बोरेटरला हा तोल सांभाळणं जमत नव्हतं. त्या काळातल्या बऱ्याच गाड्यांत एअर फिल्टरकडून एक नळी आणि रीड व्हॉल्व्ह (एकाच दिशेने उघडणारी झडप) लावून एक्झॉस्ट पोर्टमध्ये ताजी हवा सोडत, आणि जाळी फक्त जाळण्याचं काम करी. १ एप्रिल २०२०पासून बीएस-६ हे धुराचं सरकारी मानक आलं, नायट्रोजन ऑक्साईडची मर्यादा किलोमीटरला ०.०६ ग्रॅमवर आली, आणि इंजेक्शन व ऑक्सिजन सेन्सर साध्या शंभर सीसी गाडीतही पोचले. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला ते प्रमाण साडेतेराच्या आसपास लागतं. सेन्सरवाली गाडी स्वतः जुळवून घेते. कार्बोरेटरवाली घेत नाही, ती लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) चालते आणि फार लीन झाली की मिसिंग करते, म्हणजे मधले ठोके पेटतच नाहीत.

आता मारेकरी. पहिला आणि सगळ्यात वाईट म्हणजे हेच मिसिंग. जाळी जागी होते २५० ते ३०० अंश सेल्सिअसला. ९००च्या वर गेली की ते सूक्ष्म कण एकमेकांत मिसळून मोठे होतात, काचेवरचे पावसाचे थेंब जुळतात तसे. धातू तेवढाच राहतो, पण काम करणारा पृष्ठभाग घटतो. प्लगने एखादा ठोका चुकवला की त्या ठोक्याचं पेट्रोल, सोबतच्या हवेसकट, तापलेल्या जाळीत येऊन जळतं. असे ठोके चुकत राहिले तर पत्री वितळून छिद्रं बुजतात. म्हणून मिसिंग करणारी गाडी ‘पुढच्या सर्व्हिसला बघू’ म्हणून सोडून देऊ नका. प्लगचा गॅप, कॅप, कॉइल, टॅपेट (व्हॉल्व्हची फट), याच क्रमाने तपासा. किनाऱ्याकडच्या गाड्यांत कॅपच्या आत खारट ओल शिरून हिरवा गंज धरतो. प्लग नवा असूनही मिसिंग थांबत नसेल तर आधी तिथे बघा.

याचाच एक भाऊ गोवा-बेळगाव रस्त्यावरच्या चोर्ला घाटात भेटतो. पेट्रोल वाचवायला कार्बोरेटरची गाडी गियरमध्ये ठेवून चावी बंद करतात आणि उतार उतरतात. इंजिन फिरत राहतं, पेट्रोल ओढत राहतं, ठिणगी नाही. सगळं कच्चं मिश्रण गरम सायलेन्सरात साठतं, आणि खाली येऊन चावी फिरवली की फटाका. काहींना तो आवाज आवडतो. जाळीच्या गुंडाळ्या त्याने जागच्या सरकतात. इंजेक्शनच्या गाडीत चावी बंद केली की पेट्रोलही बंद, म्हणून तिथे हे घडत नाही. पण ती चावी चालू ठेवली आणि थ्रॉटल बंद केला तरी ईसीयू (इंजिनाचा संगणक) उतारावर पेट्रोल तोडतोच, तेव्हा वाचतं काय? काही नाही.

दुसरा मारेकरी तेल. इंजिन ऑइलमध्ये झीज रोखायला जस्त आणि फॉस्फरस असतो. जासो या जपानी तेल-मानकात फॉस्फरस ०.०८ ते ०.१२ टक्के ठेवलेला आहे, कारण गियर आणि कॅमला तो हवाच. तेल जळलं की हा फॉस्फरस काचेसारखा थर होऊन जाळीवर बसतो, आणि तो पेट्रोलने धुऊन जात नाही. तेल कुठून येतं ते धुरावरून ओळखा. घाट उतरून खाली आल्यावर ॲक्सिलरेटर दिला आणि निळा धूर आला, तर व्हॉल्व्हचे ऑइल सील गेलेत, कारण बंद थ्रॉटलच्या पोकळीने तेल गाइडमधून खाली ओढलं जातं. चढावर सतत धूर, तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात. सील दुरुस्त न करता नवा सायलेन्सर बसवणं म्हणजे गळक्या छपराखाली नवी गादी.

तिसरा दिसत नाही, म्हणून त्यावर थोडं थांबतो. हेडला बेंड पाईप जोडतो तिथलं गॅस्केट. सायलेन्सर काढला की जुनंच परत बसवायची सवय आपल्याकडे आहे. ते दबून बसणारं असतं, एकदा दबलं की संपलं. फट राहिली तर प्रत्येक ठोक्यामागून येणाऱ्या पोकळीत बाहेरची हवा आत खेचली जाते. सेन्सरला वाटतं ऑक्सिजन जास्त आहे, मिश्रण लीन आहे. तो ईसीयूला सांगतो, ईसीयू पेट्रोल वाढवतो. इंजिन रिच (पेट्रोल जास्त), प्लग काळा, मायलेज गेलं, जाळी तापली. इंजेक्टर बदला, सेन्सर बदला, काही फरक पडणार नाही. साबणाचं पाणी फवारून थंड इंजिन सुरू करा आणि जोडावर बुडबुडे बघा. आणि तिथे लाल सिलिकॉन लावू नका. त्याची वाफ सेन्सरच्या टोकावर पांढरा थर धरते. काळी काजळी म्हणजे रिच, पांढरी म्हणजे बहुधा सिलिकॉन.

चौथा आपल्या हवामानाचा. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी वाफेच्या रूपात निघतं. पायलटची, म्हणजे मोटारसायकल टॅक्सीवाल्याची, गाडी स्टँडवरून बाजारापर्यंत दोन किलोमीटर गेली, भाड्याची स्कूटर हॉटेलपासून किनाऱ्यापर्यंत गेली, तेवढ्यात सायलेन्सर तापत नाही आणि पाणी आतच राहतं. ते निघायला खाली छोटं भोक ठेवलेलं असतं. पावसाळ्यात लाल मातीने ते बुजतं. गळती समजून कोणी ते वेल्डिंगने बंदही करतं! तार घालून मोकळं करा, आणि आठवड्यातून एकदा गाडी वीस मिनिटं सलग पळवायला सांगा.

तपासणी. इंजिन थंड असताना रबरी हातोडीने जाळीच्या जागी हलके ठोका. आत खडखड म्हणजे गुंडाळी सुटली. आधी उष्णतेच्या पत्र्याचा क्लॅम्प हाताने दाबून धरा, निम्म्या वेळा तोच वाजतो. चोंदल्याचा संशय असेल तर ऑक्सिजन सेन्सर काढून त्या भोकातून वाट मोकळी करा आणि स्टँडवर काही सेकंद रेव्ह द्या. पिकअप परत आला तर खात्री. वाफ आणि ज्वाळा तोंडावर येतात, तेव्हा बाजूला उभे राहा, आणि मीटरवरचा इंजिनाचा दिवा लागला तर ईसीयूतला दोषाचा कोड नंतर पुसा. इन्फ्रारेड थर्मामीटरने पुढचं-मागचं तापमान मोजतात, पण चांगल्या इंजिनात आयडलला फरक नगण्य असतो; एवढ्यावरून जाळी मेली म्हणू नये. पीयूसीवरही विसंबू नका. आयडलला कार्बन मोनॉक्साईड आणि हायड्रोकार्बन मोजतात, नायट्रोजन ऑक्साईड नाही. मार्च २०००नंतरच्या जुन्या फोरस्ट्रोकला साडेतीन टक्के कार्बन मोनॉक्साईड आणि ४५०० पीपीएम हायड्रोकार्बनची सूट आहे. मेलेली जाळीही त्यात आरामात बसते.

काढून टाकली तर काय, हा प्रश्न दरवेळी येतो. पिकअपमधला फरक साध्या गाडीत जाणवण्याइतका नसतो, जाणवतो तो आवाज. कायद्याच्या बाजूने गाडीत मनाने फेरफार करायला मनाई करणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि कलम १९०(२)खाली दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. नव्या ओबीडी-२बी (गाडीने स्वतःचे दोष तपासण्याचं मानक) गाड्यांत जाळीच्या कामावरही ईसीयूची नजर असते.

नवी बसवताना क्रम पाळा. गंजलेल्या स्टडवर आदल्या संध्याकाळी पेनिट्रेटिंग ऑइल सोडा, नाहीतर ॲल्युमिनियम हेडमध्ये स्टड तुटतो आणि काम दुप्पट होतं. जुन्या गॅस्केटचे तुकडे पोर्टमधून पूर्ण काढा, बऱ्याचदा एकावर एक दोन सापडतात. नवं गॅस्केट लावून हेडचे नट बोटाने, मागचा ब्रॅकेट बोल्ट सैल. मग हेडचे नट आळीपाळीने थोडे थोडे, मॅन्युअलमधल्या टॉर्कपर्यंत. ब्रॅकेट सगळ्यात शेवटी. उलट केलंत तर पाईप ताणलेला राहतो आणि खड्ड्यांत वेल्डिंगपाशी चिरतो. शंभरेक किलोमीटर झाले की, इंजिन थंड असताना, तेच नट पुन्हा एकदा बघा.