सिंहाच्या घरात लेक माहेरीच राहते

राम राम मंडळी! परभणी, हिंगोली, बीड, लातूर, जिथं कुठं बसून ऐकायलात तिथं सगळ्यांना. आपल्याकडं उसात बिबट्या दिसला की गावभर बोंब होते, पण सिंह काय आपल्या भागात नाही, तो गुजरातेत गीरला, 2025 च्या मोजणीत तिकडं 891 निघाले.

आता आपण म्हणतो सिंह राजा, म्हणजे घर त्याचंच असणार. कशाचं काय! कळप असतो बायांचा. आई, मावश्या, बहिणी, त्यांच्या पोरी. तिथली लेक सहसा सासरी जातच नाही, घर सोडावं लागतं पोराला, दोन-तीन वर्षांचा झाला, आयाळ फुटायला लागली की मोठे नर हाकलून लावतात. मग हे भाऊ-भाऊ मिळून, भाऊ नसला तर परका जोडीदार गाठून, रानोमाळ भटकतात आणि अंगात जोर आला की दुसऱ्या कळपाच्या नरांवर चालून जातात.

जिंकले की लहान पिल्लं मारून टाकतात. ऐकायला कसंतरीच वाटतं, पण पाजणारी सिंहीण माजावर येत नाही, पिल्लू गेलं की थोड्याच दिवसांत येते, आणि या नव्यांची सत्ता तरी किती, दोन-तीन वर्षांत त्यांनाही कुणीतरी हुसकावणारच.

सिंहिणी पण काय कमी नाहीत बरं का. आफ्रिकेत सेरेंगेटीला 1966 पासून सिंहांचा अभ्यास चाललाय, तिथं शास्त्रज्ञांनी रानात स्पीकर लावून डरकाळ्या वाजवल्या. पिल्लांच्या बापाचा आवाज आला तर सिंहिणी निवांत, परक्या नराचा आला की लगेच सावध. परक्या एकाच सिंहिणीचा आवाज ऐकवला की बिनधास्त चालून जायच्या, परक्या तिघींचा ऐकवला की जरा दमानं. म्हणजे नुसत्या आवाजावरनं हिशोब!

गीरला तर आणखीनच गंमत. तिथं नर वेगळे राहतात, माद्या वेगळ्या, भेट होते ती जोडी जमताना नाहीतर मोठी शिकार पडली तर. आणि सिंहीण एकाच टोळीच्या नरांवर थांबत नाही, शेजारच्या टोळ्यांशीपण जमवते, त्यामुळं पिल्लू नेमकं कुणाचं ते कुणालाच कळत नाही, जो तो समजतो आपलंच असंल, मग मारायचं कसं?

बघायला जाणार असाल तर 16 जून ते 15 ऑक्टोबर गीर बंद असतंय, तेवढं सोडून प्लॅन करा.