तांब्याला सोलापूरची हवा मानवते, पाणी मानवत नाही

श्रोतेहो, नमस्कार.

माळ्यावर पालथं घातलेलं घंगाळ, न्हाणीघरातला बंब, हंडा, कळशी. सोलापुरातल्या जुन्या घरात यांतलं एखादं तरी निघतंच. गीझर आला तसा बंब अडगळीत गेला. आता हीच भांडी दिवाणखान्यात येऊ लागली आहेत आणि त्यांच्या जोडीला तांब्याचा पत्रा मढवलेली टेबलं, टांगते दिवे, आरशांच्या चौकटीही. हे सगळं घरात शोभावं आणि टिकावंही, यासाठी काय करायचं ते आज पाहू.

आपली हवा कोरडी आहे आणि ती तांब्याला मानवते. कोकणातल्या दमट, खारट हवेत तांब्यावर हिरवा थर लवकर चढतो. इकडे तेच भांडं कोरडं ठेवलं तर वर्षानुवर्षं हळूहळू विटकरी, मग तपकिरी, मग गडद चॉकलेटी होत जातं. हा रंग म्हणजे मळ नव्हे. तो धातूचाच घट्ट बसलेला थर असतो आणि खालच्या तांब्याला जपतो. जुन्या घंगाळाची शोभा बरीचशी या रंगातच असते. ते आरशासारखं लखलखीत केलं की कालच बाजारातून आणल्यासारखं दिसतं.

त्रास होतो तो पाण्याचा. बोअरचं पाणी जड असतं. थेंब भांड्यावरच वाळला की क्षाराचा पांढरा डाग राहतो आणि काही दिवसांनी त्याच्या कडेनं हिरवट कळकण दिसू लागते. म्हणून शोभेच्या तांब्यावर ओला फडका फिरवू नका. कोरडं, मऊ सुती कापड पुरे.

आता घासण्याबद्दल. लिंबू आणि मीठ चोळलं की तांबं क्षणात उजळतं, म्हणून घरोघरी तेच वापरतात. पण मिठातलं क्लोराइड शिवणीत, काठाच्या दुमडीत, नक्षीच्या खाचांत अडकून राहतं आणि आठवड्याभरात तिथे फिकट हिरवी भुकटी फुटते. ती पुसली तरी पुन्हा येते, कारण मूळ आतच असतं. त्यापेक्षा चिंच घ्या, मीठ न घालता. ५० ग्रॅम चिंच पेलाभर कोमट पाण्यात वीस मिनिटं भिजवून कोळ गाळून घ्या. भांडं आधी साबणाच्या पाण्यानं धुवा. मग कोळ कापडानं लावा, दोन-तीन मिनिटांत धुऊन टाका. त्यानंतर एक लिटर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा विरघळवून त्यानं भांडं फिरवून धुवा, म्हणजे उरलेला आंबटपणा मरतो. शेवटचं धुणं फिल्टरच्या पाण्यानं करा आणि लगेच पुसून पाव तास उन्हात ठेवा. तारेची घासणी अजिबात नको. तिचे ओरखडे कायमचे राहतात.

हे सगळं प्लास्टिकच्या टबात करा. आपल्याकडे अनेक घरांत शहाबादी फरशी आहे. ती चुनखडीचा दगड असल्यामुळे चिंचेचा किंवा लिंबाचा थेंब पडला की तिथली चकाकी जाते, आणि ती पुसून परत येत नाही. ओलसर तांब्याच्या बुडाचा हिरवा डागही या फरशीत मुरतो. म्हणून घंगाळाखाली फेल्टच्या किंवा बुचाच्या चकत्या लावा.

उजळलेला रंग टिकवायचा असेल तर मेण किंवा लॅकर, म्हणजे वार्निशसारखा पारदर्शक लेप. जुन्या भांड्याला मेणच बरं. भांडं उन्हात किंचित गरम करून पातळ हात द्या, दहा मिनिटांनी कोरड्या कापडानं चोळा. जाड थर दिलात तर चैत्र-वैशाखात तो मऊ पडतो आणि धूळ धरतो. लॅकर नव्या, सपाट वस्तूंना चालतं. पण आधी थिनरनं पुसा आणि नंतर उघड्या हातानं धरू नका, कारण बोटाचा ठसा लॅकरखाली काळा उमटतो. मे महिन्यातल्या दुपारी फवारा मारला तर थिनर हवेतच उडून पृष्ठभाग खरखरीत होतो. पावसाळी हवेत तोच पांढुरका पडतो. हिवाळ्यातली सकाळ सगळ्यांत चांगली.

खरेदी करताना चुंबक सोबत असू द्या. चुंबक चिकटला तर आत लोखंड आहे, वर नुसता तांब्याचा मुलामा. नाही चिकटला म्हणून खात्री धरू नका, आत पितळ किंवा अॅल्युमिनियमही असू शकतं. बुडाशी, काठाच्या आत, जिथे घासटलंय तिथे रंग पाहा. हातानं घडवलेल्या जुन्या भांड्यात ठोक्यांच्या खुणा एकसारख्या नसतात आणि अंगावर कुठेतरी दातेरी सांधा दिसतो, त्यात डाखाची, म्हणजे सांधा जोडायला वितळवून ओतलेल्या धातूची, पिवळट रेघ असते. यंत्रावरच्या भांड्यात आतून बारीक समांतर वर्तुळं दिसतात. तेही वाईट नाही, फक्त जुन्याचा भाव देऊ नका.

नवं टेबल बनवून घेणाऱ्यांसाठी हिशेब सांगते. दोन बाय चार फुटांच्या टेबलाला १९ मिलिमीटरचा प्लाय आणि २४ गेजचा पत्रा घ्या. कडा खाली दुमडायच्या, म्हणून पत्रा २८ बाय ५२ इंच कापावा लागतो. त्याचं वजन भरतं सुमारे पावणेपाच किलो. तांब्याचा भाव किलोवर असतो, म्हणून वजन समोर करून घ्या. पत्र्याची मागची बाजू १२० नंबरच्या पॉलिश पेपरनं खरखरीत करून थिनरनं पुसायची. रबरी गोंद दोन्ही बाजूंना लावायचा आणि बोटाला चिकटेनासा झाला की एका टोकापासून बसवत, मधून कडेकडे रूळ फिरवायचा. वरून खिळे मारू देऊ नका. जानेवारीतली पहाट आणि मे महिन्यातली दुपार यांत ३० अंशांचा फरक धरला, तर चार फुटी पत्रा अर्ध्या मिलिमीटरहून जास्त वाढतो. चारही बाजूंनी ठोकलेला असेल तर मधोमध फुगतो. खालच्या बाजूला पितळी स्क्रू घ्या आणि पत्र्यातलं भोक स्क्रूपेक्षा थोडं मोठं ठेवा. लोखंडी स्क्रू नकोत. ओल आली की तांब्याच्या संगतीत लोखंड झपाट्यानं गंजतं.

बंबाचा किंवा हंड्याचा दिवा करणार असाल तर तीन तारांची केबल घ्या आणि तिसरी, अर्थिंगची तार भांड्याच्या अंगाला पक्की जोडून घ्या. तांब्यातून वीज फार सहज वाहते. केबल जिथून आत शिरते त्या भोकाला रबरी बूच बसवा, नाहीतर धारेनं वेष्टण कापलं जातं. बल्ब पिवळसर उजेडाचा घ्या, २७०० ते ३००० केल्विनचा. पांढऱ्या उजेडात तांबं मळकट दिसतं.

मांडणीत एका खोलीत एकच मोठी वस्तू ठेवा, आजूबाजूला दोन-तीन लहान. जुन्या गडद घंगाळाशेजारी नवी वस्तू झगझगीत नको, मंद पोताची शोभते. मागे चुन्याची पांढरी भिंत किंवा काळा दगड असला आणि बैठकीवर आपली गडद रंगाची सोलापुरी चादर, की तांब्याला वेगळी सजावट लागत नाही. पश्चिमेच्या खिडकीत टेबल ठेवू नका, दुपारी हात भाजतो. बिदरी वस्तू शेजारी सुंदर दिसते, पण ती बहुतांश जस्ताची असते. तिला चिंच लावली तर काळा रंग जातो.

घंगाळात झाड हवं असेल तर माती थेट भरू नका. ओल्या मातीनं बूड खातं आणि तांबं मुळांनाही सोसत नाही. आत विटेच्या तुकड्यावर प्लास्टिकची कुंडी ठेवा आणि पाणी कुंडी बाहेर काढूनच घाला.

जुन्या भांड्यांच्या काठावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली नावं असतात. आजीचं, पणजीचं, कधी लग्नाची तारीख. तिथे पावडर किंवा पॉलिश घासू नका, दर वेळी ठिपके थोडे उथळ होतात. खाचेत मेण साचलंच तर लाकडी दातकोरणीनं हलक्या हातानं काढा.