सलाईनवाटे येणारे औषध आणि घरातला निर्णय

श्रोतेहो, नमस्कार.

अल्झायमरवर सलाईनवाटे दिली जाणारी नवी औषधे आली आहेत हे कानावर पडल्यापासून ज्यांच्या जोडीदाराला हा आजार आहे, त्यांच्या मनात एकच प्रश्न घोळतो आहे, की घ्यावे की घेऊ नये. लेकॅनेमॅबला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२३ मध्ये पूर्ण मान्यता दिली आणि डोनॅनेमॅबला २०२४ मध्ये.

मेंदूत साचलेले अमायलॉइड नावाचे प्रथिन ही औषधे बऱ्याच अंशी साफ करतात, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो त्याने माणसाच्या जगण्यात किती फरक पडतो, याबद्दल. लेकॅनेमॅबच्या १,७९५ रुग्णांवरील चाचणीत औषध घेणाऱ्यांची स्मृती आणि रोजच्या व्यवहारांतली घसरण, नकली औषध दिलेल्या गटाच्या तुलनेत, दीड वर्षात २७ टक्क्यांनी कमी झाली. आकडा भरघोस वाटतो; परंतु मोजपट्टी १८ गुणांची होती आणि दोन गटांतला फरक अर्ध्या गुणाहूनही कमी होता. म्हणजे आजार पुढे सरकतोच, फक्त थोडा सावकाश. विसरलेली नावे काही परत येत नाहीत.

धोक्याचीही नीट चौकशी करावी. लेकॅनेमॅब घेणाऱ्या सुमारे आठांपैकी एकाच्या, तर डोनॅनेमॅब घेणाऱ्या चौघांपैकी एकाच्या मेंदूला सूज आल्याचे चाचण्यांत दिसले. बहुतेकांना त्याचा त्रास जाणवत नाही, ती एमआरआयमध्येच कळते. पण क्वचित रक्तस्राव होऊन मृत्यूही ओढवला आहे. एपीओई-४ हे जनुक आई आणि वडील या दोघांकडून आलेले असेल तर हा धोका बराच वाढतो, म्हणून जनुकाची तपासणी आधीच करून घ्यावी, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर ते डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता आपणच सांगावे.

मिरजेला आपण वैद्यकीय पंढरी म्हणतो, एमआरआयची सोयही तेथे आहे. तरी जत किंवा आटपाडीहून लेकॅनेमॅब असेल तर दर पंधरा दिवसांनी, डोनॅनेमॅब असेल तर दर महिन्याला सलाईनसाठी आणि सुरुवातीच्या महिन्यांत वारंवार एमआरआयसाठी कोण नेणार, हा प्रश्न औषधाच्या किमतीइतकाच खरा आहे. नेणारी पत्नीही बहुधा सत्तरीकडे झुकलेली असते.

मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट वेगळीच आहे. ही औषधे आजाराच्या केवळ सुरुवातीच्या टप्प्यासाठी आहेत आणि त्या टप्प्यावर रुग्णाला आपले भलेबुरे बहुधा कळत असते. आपल्याकडे मात्र पुण्यातला मुलगा रिपोर्ट वाचतो, डॉक्टर पत्नीशी बोलतात, आणि ज्यांच्या शिरेत सुई जायची ते गृहस्थ बाजूच्या खुर्चीवर गप्प बसलेले असतात. त्यांनाच विचारावे : अहो, थोडे अधिक बरे दिवस मिळाले, तर ते तुम्हाला कशासाठी हवे आहेत? कोणी म्हणेल, द्राक्षबागेची वाटणी माझ्या हाताने करायची आहे. कोणी म्हणेल, त्या एमआरआयच्या बोगद्यात मला पुन्हा पुन्हा घालू नका. दोन्ही उत्तरे सारख्याच मोलाची आहेत, आणि दुसरे उत्तर आले म्हणून पत्नीने स्वतःला दोष देण्याचे कारण नाही.

उपचार घ्यायचे ठरले, तर तो कधी थांबवायचा हेही पहिल्या सलाईनच्या आधीच डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. अमायलॉइड साफ झाल्यावर डोनॅनेमॅब बंद करता येते. मात्र आजार सुरुवातीच्या टप्प्यापलीकडे गेल्यास काय करायचे, हे रुग्णासमोर, त्यांच्या संमतीने ठरलेले असावे.